छत्रधारी कुळाची ओळख

आपल्या समाजात कुळाची चौकशी करण्याची हौस मोठी आहे. सोयरीक जुळविण्याचा प्रसंग असो, की आगगाडीत शेजारी बसलेल्या गृहस्थाशी चार शब्द बोलण्याचा असो. आडनाव काय, मूळ गाव कोणते, गोत्र कोणते, ही प्रश्नमालिका सुरू झाल्यावाचून राहत नाही. परंतु ज्यांच्याशी आपली गाठ दिवसातून दोन वेळा तरी पडते, आणि ज्यांच्यावाचून घरच्या आमटीस आमटीपण येत नाही, त्यांच्या कुळाची चौकशी मात्र आपण सहसा करीत नाही. आमचा रोख स्वयंपाकघरातील मिसळणाच्या डब्याकडे आहे.

ह्या डब्याचे झाकण काढून पाहावे. मोहरी, जिरे, हळद, हिंग, मेथी, तिखट, धन्याची पूड अशी मंडळी आपापल्या वाटीत बसलेली दिसतात. ह्यांपैकी मोहरीचे कुळ कोबी-मुळ्याचे, हळदीचे आल्याचे, मेथीचे हरभरा-तुरीचे, आणि मिरचीचे वांगी-बटाट्याचे. उरले जिरे, हिंग व धने. हे तिघे एकाच कुळातील होत. डब्याबाहेर पाहिले तर ओवा, बडीशेप, शेपू, बाळंतिणीस द्यावयाचा बाळंतशेपा, काळ्या मसाल्यातील शहाजिरे आणि संक्रांतीच्या सुगडात घालावयाचे गाजर हीही त्याच घराण्यातली. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्या कुळास 'अंबेलिफेरी' किंवा 'एपिएसी' म्हणतात. पहिले नाव छत्रीवाचक लॅटिन शब्दावरून आले आहे, दुसरे सेलरी नावाच्या भाजीच्या प्रजातीवरून. आणि दोन्ही नावे शास्त्राला मान्य आहेत. सुमारे चारशे चाळीस प्रजाती व साडेतीन हजारांहून अधिक जाती एवढा ह्या कुळाचा विस्तार असून, त्याची बहुतेक वस्ती समशीतोष्ण प्रदेशांत आहे.

आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविले. सबब ह्या कुळाचा परिचय आम्हांस प्रथम झाला तो बागेत नव्हे, तर कोशात. अमरकोशात धन्याच्या नावांमध्ये 'छत्रा' असे एक नाव आहे, आणि शतपुष्पेच्या नावांमध्ये 'सितच्छत्रा' व 'अतिच्छत्रा' अशी दोन. शतपुष्पा म्हणजे आपला शेपू. ज्या कोणी ही नावे प्रथम उच्चारली, त्याने ही झाडे फुलावर असताना पाहिली होती ह्यात संशय नाही. कारण फुलोरा पाहिल्यावाचून छत्री सुचावयाची नाही. लॅटिन बोलणाऱ्यांस जी उपमा सुचली तीच आपल्या पूर्वजांसही सुचावी, ही गोष्ट मोठी आल्हादकारक आहे. परंतु अमरसिंहाने धने घातले वैश्यवर्गात, वाणसामानाच्या पंक्तीला. आणि शतपुष्पा घातली वनौषधिवर्गात. छत्री दोघींच्या डोक्यावर दिसली, पण तेवढ्यावरून दोघी बहिणी आहेत असे काही ठरले नाही. कोशकाराचे काम नावे लावण्याचे. कुळे लावण्याचे नव्हे.

नाव ही वस्तू उपयोगाची खरी. नावावरून पुष्कळ वेळा वस्तूचे माहेर कळते. हिंगाला संस्कृतात 'बाह्लीक' म्हणतात. बाह्लीक म्हणजे बल्ख, अर्थात अफगाणिस्तानाचा उत्तर भाग. आणि आजही आपल्या घरी येणाऱ्या हिंगाचे मूळ त्याच बाजूस, इराण व अफगाणिस्तानात आहे. आपली 'कोथिंबीर' ही 'कुस्तुंबुरु' ह्या शब्दाची लेक. तो शब्द पाणिनीच्या अष्टाध्यायीत आला आहे. म्हणजे ही भाजी नाव घेऊन आपल्याकडे नांदते आहे, त्यास दोन हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. एवढी सेवा नावे करितात. परंतु वस्तू कोणती हे निश्चित सांगण्याची वेळ आली की तीच नावे आपणांस तोंडघशी पाडतात.

'कारवी' हा शब्द घ्या. अमरकोशातच तो एकदा शतपुष्पेसाठी आला आहे, आणि पुन्हा एकदा वैश्यवर्गात काळ्या जिऱ्याच्या जातीच्या एका दाण्यासाठी. आता सह्याद्रीत जाऊन कोणाही गावकऱ्यास कारवी दाखव म्हटले, तर तो तिसरेच झुडूप दाखवील: ज्याच्या काठ्या कुडाच्या भिंतीत घालतात, आणि जे सात-आठ वर्षांतून एकदाच फुलून सारा डोंगर जांभळा करिते. नाव एक, वस्तू तीन. उलट पक्षी, ज्यास काही प्रांतांत काळे जिरे म्हणतात ती कलौंजी जिऱ्याच्या कुळातली नव्हे. आणि जंतांवर देत असत ते कडू जिरे तर सूर्यफुलाच्या कुळातले. जिरे हे नाव धारण केल्याने कोणी जिऱ्याचा भाऊबंद होत नाही.

ह्या नावाच्या घोळाने किती दूरवर परिणाम होतो, ह्याचे उदाहरण आमच्या एका आप्तांच्या घरी आम्ही लहानपणी पाहिले. त्या घरी गाजर खात नसत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गृंजन, कांदा व अळंबी ही द्विजांस वर्ज्य सांगितली आहेत, आणि गृंजन म्हणजे गाजर, असा त्या घरचा निश्चय होता. तो निराधार होता असे म्हणवत नाही. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात गृंजनाचा अर्थ गाजर असाच आहे. परंतु अमरकोश उघडावा, तर तेथे गृंजन हे लसणीचे नाव! आणि मनुस्मृतीत तर लसूण व गृंजन ही दोन निरनिराळी सांगितली आहेत. वनस्पतींचा इतिहास पाहणारे म्हणतात की गाजराच्या लागवडीचा स्पष्ट पुरावा मिळतो तो सुमारे दहाव्या शतकात, इराण-अफगाणिस्तानाच्या भागात; तीही गाजरे जांभळी व पिवळी. आज बाजारात येणारे नारिंगी गाजर सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात, विशेषतः हॉलंडात, नावारूपास आले. तेव्हा मनूने वर्ज्य केले ते हेच, असे म्हणणे कठीण आहे. मौज अशी, की त्याच घरी संक्रांतीस सुगडात गाजराचे तुकडे घालून ते देवापुढे ठेवीत. एका नावाच्या अर्थाखातर घरातील दोन-तीन पिढ्यांची मुले गाजरावाचून वाढली. ज्या पिवळ्या-तांबड्या द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनविते, ते 'कॅरोटीन' 1831 मध्ये वाकेनरोडर ह्या जर्मन रसायनज्ञाने प्रथम वेगळे काढले ते गाजराच्याच मुळातून, आणि त्याचे नावही गाजरावरून पडले, हे येथे सांगितले म्हणजे पुरे.

मग नावावर विसंबावयाचे नाही, तर कुळ ओळखावयाचे कशावरून? येथे आमच्या कामास आला तो वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ नव्हे, तर अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह. लक्षण कसे असावे हे नैयायिकांनी मोठ्या बारकाईने सांगितले आहे. जे लक्षण लक्ष्यापैकी काहींना लागू पडत नाही, त्यात अव्याप्तीचा दोष. गाईचे लक्षण 'तांबडा रंग' असे केले, तर पांढरी गाय बाहेर राहते. जे लक्षण लक्ष्याबाहेरच्यांनाही लागू पडते, त्यात अतिव्याप्तीचा दोष. 'शिंगे असणे' असे लक्षण केले, तर म्हैसही आत येते. गळ्याखालची पोळी हे लक्षण मात्र गाईस नेमके बसते. आता हीच कसोटी आपण ह्या छत्रधारी कुळास लावून पाहू.

प्रथम वास. जिरे, ओवा, बडीशेप, हिंग, शेपू हे सारे वासाचे धनी. तेव्हा वास हेच लक्षण मानण्याचा मोह होतो. पण वास तर तुळशीलाही आहे. कुंडीत लावितात तो पानओवा चुरगळला असता हुबेहूब ओव्याचा वास येतो, तरी तो तुळशीच्या कुळातला आहे. मसाल्यातले चक्रीफूल बडीशेपेसारखे दरवळते, कारण दोहोंत एकच सुगंधी द्रव्य आहे. पण चक्रीफूल येते एका निराळ्याच कुळातील झाडावर. ही झाली अतिव्याप्ती.

दुसरे पान. शेपू, बडीशेप व गाजर ह्यांचे पान चिरून चिरून तंतूंसारखे झालेले असते. कोथिंबिरीचे जरा रुंद, पण कातरलेलेच. ह्याखेरीज पानाच्या देठाचा तळ रुंद होऊन म्यानासारखा खोडास वेढितो, ही खूण बडीशेपेच्या रोपावर फार स्पष्ट दिसते. पण ह्याच कुळात मंडूकपर्णी आहे. आपल्याकडे तिला कारिवणा म्हणतात, आणि पुष्कळ ठिकाणी ब्राह्मी म्हणून विकतात. यद्यपि ब्राह्मी ह्या नावावर पाणथळ जागी वाढणाऱ्या दुसऱ्या एका वनस्पतीचाही हक्क सांगितला जातो. कारिवण्याचे पान अखंड व वाटोळे. कातरकामाचा त्यात मागमूस नाही. ही झाली अव्याप्ती.

तिसरी छत्री. एका बिंदूपासून निघालेल्या काड्या आणि प्रत्येकीच्या टोकास फूल, ह्या रचनेस मराठी ग्रंथकारांनी 'चामरकल्प फुलोरा' असे नाव दिले आहे. परंतु कांदा फुलावर आला म्हणजे तोही छत्रीच धरितो, आणि कांद्याचे ह्या कुळाशी काही नाते नाही. बारकाईने पाहिले तर भेद दिसतो: कांद्याची छत्री एकपदरी असते, कोथिंबीर-गाजराच्या मोठ्या छत्रीच्या प्रत्येक काडीच्या टोकास पुन्हा एक लहान छत्री असते. छत्रीवर छत्री हे लक्षण पुष्कळ अंशी खरे. पण कारिवण्याच्या पानाआड दडलेला फुलोरा अगदी लहान व साधा, म्हणून त्याला हेही लागू पडत नाही.

ह्या विचारात आम्ही असता, अकरावीत शिकणारी आमची नात स्वयंपाकघरातून मूठभर धने घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, धने म्हणजे बी नव्हे, ते फळ आहे. एक दाणा दाबून पाहा." दाबला, तो त्याचे दोन सारखे अर्ध झाले. ही गोष्ट आमच्या घरातील बायकांस नवी नव्हती. जेवणानंतर खावयाची धनाडाळ ही ह्या दुभागण्यातूनच निघते. आणि कोथिंबीर लावावयाची झाली म्हणजे धने अगोदर रगडून दुभागावे लागतात, हे कोणीही माळी सांगेल. पण हे दुभागणे हीच साऱ्या कुळाची खूण आहे, हे मात्र त्या दिवशी आम्हांस उमजले. बडीशेपेचा जाड दाणा नखाने उकलावा, त्याचेही दोन भाग होतात. जिऱ्याचे होतात, ओव्याचे होतात, शेप्याचे होतात. शेप्याचा दाणा चपटा व कडेस पातळ पंखासारखी किनार असलेला, बडीशेपेचा लांबट व गुबगुबीत, धन्याचा वाटोळा. रूपे निराळी, पण घडण एकच.

ती घडण अशी. फूल बारीक, पाकळ्या पाच, पुंकेसर पाच. बीजकोश पाकळ्यांच्या वर नसून खाली असतो, आणि त्याचे कप्पे दोन. फळ पिकले म्हणजे ते उभे दुभागते, आणि दोन्ही भाग मधल्या एका नाजूक, दुफाट्याच्या काडीवर लोंबत राहतात. प्रत्येक भागाच्या पाठीवर पाच उभे कंगोरे असतात. कंगोऱ्यांच्या मधल्या खाचांखाली सुगंधी तेलाच्या बारीक नळ्या असतात. फोडणीत जिरे तडतडले म्हणजे जो वास घरभर पसरतो, तो ह्या नळ्यांत साठविलेल्या तेलाचा. दुभागणारी फळे इतर काही कुळांतही आहेत. परंतु खाली असलेला दोन कप्प्यांचा बीजकोश, पाच सुट्या पाकळ्या आणि दुभागणारे फळ ह्या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या, म्हणजे अव्याप्ती व अतिव्याप्ती हे दोन्ही दोष बव्हंशी टळतात. वाटोळ्या पानाचा कारिवणासुद्धा ह्या परीक्षेत उतरतो.

विशेष हे, की युरोपातही हा विचार ह्याच वाटेने गेला. रॉबर्ट मॉरिसन ह्या स्कॉटिश पंडिताने 1672 मध्ये ऑक्सफर्ड येथे ह्या कुळावर एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. वनस्पतींच्या एकाच कुळास वाहिलेला तो पहिला ग्रंथ समजतात. आणि त्यात त्याने झाडांची वाटणी केली ती औषधी गुणांवरून नव्हे, पानांवरूनही नव्हे, तर मुख्यतः फळांवरून. आज शास्त्रज्ञ पेशीतील आनुवंशिक द्रव्य तपासून नाती लावितात, आणि त्यामुळे काही वनस्पती एका कुळातून दुसऱ्यात गेल्याही. परंतु रानात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती अजूनही फूल आणि फळ हीच साधने आहेत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की सेवानिवृत्त मास्तरांचा हा वेळ घालविण्याचा उद्योग झाला. धने फळ असले काय अन् बी असले काय, आमटीच्या चवीत फरक पडत नाही. आमचे उत्तर असे, की कधीकधी फरक चवीत पडत नसून जिवात पडतो. त्याचा प्रसंग आमच्याच कुटुंबात आला.

आमचा पुतण्या अमेरिकेत ऑरेगन राज्यात असतो. दोन लहान मुले आहेत. तेथे घर घेतल्यानंतरच्या पहिल्याच वसंतात पुतणसुनेने भ्रमणध्वनीवरून एक छायाचित्र पाठविले आणि लिहिले, "काका, घरामागच्या ओहोळाकाठी कोथिंबीर आपोआप उगवली आहे, चांगला वाफाभर आहे. वास थोडा निराळा वाटतो, पण पाने तीच. काकूंना विचाराल का, ह्याच्या वड्या होतील ना?" आम्ही तत्काळ उलट लिहिले, "सूनबाई, त्यातले एक पानही तोंडात घालू नकोस. वास घेण्यासाठी चुरगळू नकोस. हात साबणाने धू, मुलांना तिकडे जाऊ देऊ नकोस, आणि देठावर जांभळे ठिपके आहेत का तेवढे लांबूनच पाहून सांग." ठिपके होते. तेथील कृषिविस्तार कार्यालयास छायाचित्र दाखविल्यावर त्यांनीही निर्वाळा दिला, की हा हेमलॉक.

हेमलॉक हेही ह्याच कुळातले. इसवी सनापूर्वी 399 मध्ये अथेन्सच्या न्यायसभेने सॉक्रेटिसास देहान्ताची शिक्षा दिली, आणि त्यास जो पेला प्यावयास लाविला तो ह्याच वनस्पतीच्या रसाचा, असे मानतात. पायांपासून वर चढत जाणारा बधिरपणा आणि शेवटपर्यंत शाबूत राहिलेली बुद्धी ह्यांचे प्लेटोने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. त्यातील विषारी द्रव्य 'कोनीन'. 1886 मध्ये लाडेनबुर्ग ह्या जर्मन शास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत घडविले. ते स्नायूंस लुळे करीत जाते, आणि श्वासाचे स्नायू थांबले की माणूस संपतो. त्यावर नेमका उतारा नाही. रुग्णालयात यंत्राने श्वास चालू ठेवून विष ओसरण्याची वाट पाहावी लागते. ह्या झाडाचे खोड पोकळ, गुळगुळीत, निर्लोम व जांभळ्या डागांचे असते. त्याच रस्त्याकडेला वाढणाऱ्या रानगाजराचे खोड मात्र केसाळ असते, आणि त्याच्या छत्रीखाली पिसासारख्या चिरलेल्या पानोळ्यांचे कडे असते. पोकळ खोडाच्या पिपाण्या करून वाजविल्याने मुलांना विषबाधा झाल्याची उदाहरणे पाश्चात्त्य देशांत नमूद आहेत. आमच्या पुतण्याची मुले त्याच ओहोळाकाठी खेळत होती, हे आठवले म्हणजे अजूनही अंगावर शहारा येतो.

ह्यात सूनबाईची चूक काढण्याचे काही कारण नाही. हेमलॉक हे सह्याद्रीच्या रानातले झाड नव्हे. तेव्हा आपल्याकडच्या गृहिणीने पान पाहून व वास घेऊन कोथिंबीर ओळखण्याची जी सवय आई-आजीपासून घेतली, ती येथे पुरेशी होती. देश बदलला आणि सवय तीच राहिली. नैयायिकांच्या भाषेत हा उपमानाचा विषय आहे. गवय नावाचा पशू गाईसारखा असतो, असे रानात राहणाऱ्याने सांगितले आणि नगरवासी माणसाने पुढे तो पाहून ओळखला, हे उपमानाचे प्रसिद्ध उदाहरण. पण त्यात प्रथम सांगणारा जाणता वनवासी आहे, हे आपण विसरतो. केवळ सादृश्य हे ज्ञान नव्हे. सादृश्यामागे कोणा जाणत्याचा शब्द लागतो. ऑरेगनच्या ओहोळाकाठी पान होते, सादृश्य होते. सांगणारा वनवासी तेवढा नव्हता.

ह्यातून आणखी एक अडचण ध्यानात येते. कुळाचे खरे लक्षण फळात. आणि फळ येते झाडाच्या आयुष्याच्या अखेरीस. कोथिंबीर आपण खातो ती कोवळी, फुलावर येण्यापूर्वी. म्हणजे ज्या वेळी खावयाचे त्या वेळी लक्षण हजर नसते. आणि लक्षण प्रकट होते तेव्हा पान राठ होऊन खाण्याजोगे राहत नाही. शिवाय लक्षण प्रकट झाले तरी ते सांगते कुळ. खाद्य की विष हे सांगत नाही, कारण हेमलॉकचे फळही धन्यासारखेच दुभागते. म्हणून पालेभाजीच्या बाबतीत आपण वस्तुतः शब्दप्रमाणावर जगत असतो. मंडईतील भाजीवाली जुडी हाती देते. तिच्यामागे ते बी पेरणारा शेतकरी असतो. आणि त्याने धने पेरले हे त्यास ठाऊक असते. आपोआप उगवलेल्या भाजीच्या पाठीशी असा कोणाचाच शब्द नसतो. हल्ली पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरतात, आणि शहरातील मंडळी हौसेने डोंगरावर भाज्या खुडावयास जातात. हौस चांगली आहे; पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या भाज्या खाल्ल्या, त्या डोंगरकपारीतील आदिवासी भगिनींचा शब्द बरोबर असल्याखेरीज पिशवी भरू नये.

कुळाविषयी बोलावयास बसलो, तेव्हा आमच्यासारख्या घरांतील वाचकांस रुचो वा न रुचो, एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कुळ सांगितले म्हणजे गुण सांगितले असे होत नाही. ज्या कुळात गाजर त्याच कुळात हेमलॉक. काकेशस पर्वताच्या बाजूची एक पुरुषभर उंचीहून मोठी वाढणारी जात शोभेसाठी म्हणून युरोपात नेली. तिचा चीक अंगास लागून वर ऊन पडले, की कातडी भाजल्यासारखे फोड येतात. आणि ज्या वर्गातील द्रव्याने ही इजा होते, त्याच वर्गातील द्रव्य ईजिप्तमध्ये ह्याच कुळातील एका वनस्पतीच्या फळांतून काढून, 1940 च्या दशकात तेथील वैद्यांनी कोडावरील उपचारात वापरले. एकाच घराण्यात पोसणारा, मारणारा, भाजणारा आणि बरे करणारा असे चौघे निघाले. माणसांच्या कुळांचीही गोष्ट ह्याहून फार निराळी असेल असे आम्हांस वाटत नाही. कुळ ओळखावे ते नाते कळण्यासाठी; गुणांची परीक्षा ज्याची त्याची स्वतंत्रच करावी लागते.

ज्यांस हे घराणे आपल्या प्रांतात रानात नांदताना पाहावयाचे असेल, त्यांनी पावसाळ्याच्या उत्तरार्धात साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जावे. तेथे पांढऱ्या छत्र्यांची एक वनस्पती दिसते. तिचे शास्त्रीय नाव 'पिंडा कॉन्कनेन्सिस'. नावात कोकण आहे, आणि पश्चिम घाटाखेरीज जगात ती अन्यत्र आढळत नाही. अशा ठिकाणी पाहावे, पण तोडू नये. हिंगाचे झाड पाहण्याची मात्र आपली सोय आजवर नव्हती. आपण चिकटून गेलो होतो ते त्याच्या मुळातून पाझरणाऱ्या डिंकाला. 2020 च्या ऑक्टोबरात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या संशोधन संस्थेने हिंगाची रोपे लाविली. ते झाड फुलावर यावयास सुमारे पाच वर्षे घेते, आणि एकदा फुलून फळले की मरते.

पण एवढ्या दूर जाण्याची सर्वांनाच आवश्यकता नाही. आमच्या गच्चीवरील एका कुंडीतील कोथिंबीर नातीने ह्या हिवाळ्यात खुडू दिली नाही. ती उंच वाढली, पाने वरवर अधिकाधिक बारीक होत गेली, आणि छत्र्या उघडल्या. छत्रीच्या कडेच्या फुलांच्या बाहेरील पाकळ्या आतल्यांहून मोठ्या असतात, हे धाकट्या नातवाने सर्वांच्या आधी पाहिले. मधमाश्या आल्या, हिरवे धने धरले, ते पिकून तपकिरी झाले. पुतणसुनेसही आम्ही तसेच करावयास लिहिले. तिने दुकानातून धने आणून, रगडून, कुंडीत पेरले. आणि आता तिच्या घरी वड्या होतात त्या स्वतः पेरलेल्या कोथिंबिरीच्या. मुलांस तिने ओहोळाकाठी नेऊन, लांबून, ठिपक्यांचा देठ दाखवून ठेविला आहे.

वाचकांनीही एक कुंडी अशी राखून ठेवावी. मुलांच्या हाती धने, बडीशेप, शेपा, ओवा ह्यांचा एकेक दाणा द्यावा, आणि तो त्यांच्याकडूनच दुभागून घ्यावा. पाच कंगोरे मोजावयास एक साधे भिंग पुरते. नात्याचा पुरावा त्यांच्या नखांखाली त्यांना सापडला, म्हणजे नाव सारखे की पान सारखे एवढ्यावर ती फसावयाची नाहीत. आणि ज्या झाडास कोणी पेरले हे ठाऊक नाही, ज्याचा जाणता जवळ नाही, ते कितीही ओळखीचे दिसले तरी त्याच्यापासून हात आवरण्यास शिकतील.